ढगाळ दिवशी उमललेले क्रोकस

१

खोकं ऑक्टोबरातल्या एका भर दुपारी आलं आणि सरलाताईंनी जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

"हिमानी, आले गं कांदे! कात्री आण, कात्री!"

हिमानी मीटिंगमध्ये होती. तिने म्यूटचं बटण दाबलं, ड्रॉवरमधली कात्री उचलली आणि धावतच दाराशी आली. सासू-सून दोघी तिथेच फरशीवर बसल्या. खोक्यात जाळीच्या पिशव्या होत्या आणि पिशव्यांत तीनशे कंद. बहुतेक क्रोकसचे, थोडे पांढऱ्या फुलांच्या स्नोड्रॉपचे.

सरलाताईंनी एक कंद तळहातावर घेतला. "लसणाच्या कुडीएवढासुद्धा नाही मेला, आणि बर्फातून वर येणार म्हणे!"

क्रोकस म्हणजे केशराच्याच कुळातलं, हे त्यांनी यवतमाळच्या शाळेत तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं होतं. हातात मात्र आज पहिल्यांदाच आला होता. मुलाकडे अमेरिकेत येण्याची ही त्यांची तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपा अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघण्यात गेल्या होत्या. आता सिद्धेश आणि हिमानीने पिस्कॅटवेत बैठं घर घेतलं होतं आणि घरामागे चांगलं ऐसपैस अंगण होतं.

"माझं परतीचं तिकीट बारा एप्रिलचं," सरलाताई म्हणाल्या. "त्याआधी फुलतील ना गं?"

"मार्चमध्येच फुलतात, आई. तुम्ही बघूनच जाल."

लावायला तीन दिवस लागले. कुंपणापाशी, तिथून घराकडे येणाऱ्या पायवाटेच्या दोन्ही कडांना, आणि शेवटी सरलाताईंच्या खोलीच्या खिडकीखाली. माती चिकट होती, दर वीतभरावर दगड लागत होता. फक्त कुंपणाच्या कोपऱ्यात, एखादी चटई अंथरावी एवढ्या जागेत, खुरप्याची गरजच पडली नाही. हात मनगटापर्यंत आत जात होता.

"इथली माती कोमट आहे बघ," सरलाताई खूश होऊन म्हणाल्या.

"ऊन आहे ना, आई."

ऊन होतं. पण त्या कोपऱ्यावर शेजारच्या गराजची सावली होती, आणि ती सकाळपासून तशीच होती, हे हिमानीच्या लक्षात आलं ते हात धुताना. तिने फारसं मनावर घेतलं नाही. शंभर कंद त्या एकाच जागेत मावले होते, त्याचाच आनंद मोठा होता.

मग खारी आल्या. नवे कंद उकरून खायचा त्यांचा धंदाच. सरलाताईंनी यवतमाळहून आणलेलं लाल तिखट अंगणभर भुरभुरवलं, तरी खारींनी पायवाटेच्या कडेचे वीस-पंचवीस कंद लांबवलेच. कोपऱ्याकडे मात्र एकही खार फिरकली नाही. कुंपणावरून पळत येणारी खारसुद्धा तिथे आली की थांबायची, मागे वळायची आणि लांबून वळसा घालून जायची.

"तिखटाचा गुण!" सरलाताई म्हणाल्या.

तिखट तर त्यांनी सगळीकडे सारखंच टाकलं होतं.

२

जानेवारीत आठ इंच बर्फ पडलं. सकाळी पडदा सरकवला आणि सरलाताईंनी हाक मारली, "अरे, या रे दोघंही! लवकर या!"

सगळं अंगण पांढरंशुभ्र होतं आणि कोपऱ्यात चटईएवढा काळा, ओला चौकोन. बर्फ तिथे टिकलंच नव्हतं. कडा तर अशा, की जणू कोणी पट्टी लावून कापल्या आहेत.

"कंद जागे झाले!" हिमानी टाळ्या पिटत म्हणाली.

"आई, यार, खाली पाइप असणार," सिद्धेश म्हणाला. तो इंजिनियर, त्याला पहिल्यांदा पाइपच सुचायचा. "गरम पाण्याचा किंवा सीवरचा. मी चेक करतो."

इथे खणण्याआधी एका नंबरवर फोन करायचा असतो. मग माणूस येऊन जमिनीखाली काय काय गेलंय ते शोधतो आणि रंगीत झेंड्या रोवून जातो. असा माणूस आला. त्याने यंत्र घेऊन अंगण पालथं घातलं, पुढच्या बाजूला पिवळ्या आणि निळ्या झेंड्या लावल्या आणि मागे एकही न लावता निघून गेला. कोपऱ्याखाली काहीच नव्हतं.

"मग कुजलेला पाला असेल," सिद्धेश म्हणाला. "कंपोस्ट गरम होतं."

ते पटण्यासारखं होतं. हिमानीला पटलंही. ती बूट घालून बर्फातून तिथवर गेली, वाकली आणि मातीचा वास घेतला. कुजल्याचा वास नव्हता. वास ओळखीचा वाटला, पण कुठला ते आठवेना. घरात आल्यावर सरलाताईंनी तिचे गारठलेले कान दोन्ही हातांनी झाकले तेव्हा आठवलं. नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाच्या अंगाला येतो, तसा.

३

पहिलं फूल वीस फेब्रुवारीला आलं. सरलाताई स्वेटरवर कोट आणि कोटावर शाल अशा अवतारात अंगणात उभ्या होत्या आणि लहान मुलीसारख्या हसत होत्या. जांभळ्या पाकळ्या, आत केशरी काडी, उंची जेमतेम चार बोटं. आठवड्याभरात अंगण जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेलं. हिमानी दर मीटिंगनंतर बाहेर पळायची. यवतमाळच्या मैत्रिणींना दिवसाला चाळीस फोटो जायचे.

एका सकाळी सरलाताईंनी पायवाटेकडची एक मिटलेली कळी खुडली, कपभर पाण्यात ठेवली आणि कप ओट्यावर मांडला.

"आता बघ. घड्याळ लाव."

दहा मिनिटांच्या आत, त्यांच्या डोळ्यांदेखत, कळी उघडली.

"ऊब लागली की पाकळीची आतली बाजू भराभर वाढते. थंड झालं की बाहेरची. म्हणून क्रोकस उन्हात उघडतो आणि ढग आले की मिटतो. म्हणजे फुलाचाच थर्मामीटर झाला की नाही?"

शिकवताना त्यांचा आवाज बदलायचा. हिमानीला तो आवाज फार आवडायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सासूची आणि तिची खरी गट्टी जमली ती या अंगणात.

दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं. बाहेर अडतीस डिग्री फॅरनहाइट, म्हणजे आपले तीन-चार. अंगणातली सगळी फुलं मिटून बसली होती. कोपऱ्यातली शंभर मात्र सताड उघडी होती.

दोघी धावतच गेल्या. हिमानीने दह्याच्या दुधासाठी आणलेला थर्मामीटर मातीत खुपसला. अडुसष्ट.

"अडुसष्ट!" सरलाताई ओरडल्या. "अगं, हे लिहून ठेवायला हवं! वही आण!"

४

वही झाली. सरलाताई लॉनवरची खुर्ची त्या कोपऱ्यात नेऊन बसू लागल्या. सकाळी तासभर, दुपारी दोन तास. पहिल्यांदा शाल गेली, मग कोट गेला.

"इथे बसलं की गुडघासुद्धा दुखत नाही बघ. आणि हिमानी, एक गंमत सांगू? मी बसते तेव्हाच आकडा वाढतो."

"काहीतरीच काय, आई!"

"वही बघ ना."

हिमानीने वही बघितली. सरलाताईंच्या सुबक अक्षरात तारखा आणि आकडे होते. एकाहत्तर. एकोणऐंशी. मधे एक शनिवार, ज्या दिवशी तिघं ब्रिजवॉटरच्या देवळात गेली होती. त्या संध्याकाळी परतल्यावर आकडा खाली आला होता. मग पुन्हा त्र्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. ब्याण्णव. हिमानीच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर तो निव्वळ आनंदाचा होता. आपल्या अंगणात असं काहीतरी घडतंय जे कुठल्या पुस्तकात नाही! तिने ऑफिसच्या कामातून वेळ चोरून या विषयावरचं सापडेल ते वाचलं. स्वतःची उष्णता तयार करणारी झाडं असतात, हे तिला कळलं. क्रोकस त्यांत नव्हता.

सोळा मार्चला सरलाताई आत आल्या त्या थेट ओट्यापाशी आल्या. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार," त्या कुजबुजल्या. त्यांचे डोळे चमकत होते. त्यांनी हिमानीचा हात हातात घेतला.

हिमानीने हात झटकन मागे ओढला. फ्रीजमधून नुकतीच काढलेली बाटली हाताला लागावी तसं झालं होतं.

"आई, तुमचे हात!"

"हो का? मला तर काही जाणवत नाही."

हिमानीने तापाचा थर्मामीटर आणला. चौऱ्याण्णव पॉइंट नऊ. तिने तो पुसून स्वतःला लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन. पुन्हा सरलाताईंना लावला. चौऱ्याण्णव पॉइंट सात.

ती बराच वेळ दोन्ही आकड्यांचा विचार करत राहिली. म्हातारपणी अंग गार पडतं. बाहेर थंडीत बसल्यावर तर पडणारच. कारणं सगळी सरळ होती. तरी संध्याकाळी तिने सिद्धेशला सांगितलं आणि दोघांनी मिळून सरलाताईंना समजावलं.

"आई, तू उद्यापासून बाहेर बसायचं नाहीस," सिद्धेश म्हणाला. "सोमवारी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतो."

सरलाताईंचा चेहरा उतरला. "बरं," त्या म्हणाल्या. "पण मग ते काय करेल रे?"

"ते म्हणजे कोण?"

"म्हणजे फुलं रे," त्या चटकन म्हणाल्या.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धेश ऑफिसला गेला होता आणि सरलाताई त्यांच्या खोलीत झोपल्या होत्या. हिमानी किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बसली होती. समोरच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. आभाळ करडं, वारा नाही. आज कोपऱ्यातली फुलंसुद्धा मिटलेली होती. हिमानीला सुटल्यासारखं वाटलं.

मग पायवाटेचं, कोपऱ्याला सगळ्यात जवळचं फूल उघडलं.

ते हळूहळू उघडलं नाही. कोणीतरी मूठ सोडावी तसं उघडलं. त्याच्या समोरच्या कडेचंही उघडलं. मग त्यांच्या पुढची दोन. हिमानीने वर बघितलं. उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती. पुढची दोन उघडली, आणि मागची पहिली दोन मिटली. मग पुढची. मागची मिटली.

पायवाटेवरून काहीतरी घराकडे येत होतं. सावकाश, मधेच थांबत, गुडघे दुखणारं माणूस चालतं त्या गतीने.

"हिमानी, आर यू देअर?" लॅपटॉपमधून कोणीतरी विचारलं. तिने न बघताच लॅपटॉप मिटला. आधी उठून पळायचं की शेवटपर्यंत बघायचं, हे तिला खरोखरच कळत नव्हतं. तिला बघायचं होतं. फुलांची ओळ घरापाशी आली, डावीकडे वळली आणि भिंतीच्या आड गेली. तिकडे एकच खिडकी होती.

मग ती पळाली.

सरलाताई झोपल्या नव्हत्या. खिडकीपाशी उभ्या होत्या. खिडकी त्यांनी खालून वीतभर वर केली होती आणि त्या फटीतून एक हात कोपरापर्यंत बाहेर काढला होता. चेहऱ्यावर असा आनंद, की हिमानी दारातच थबकली.

"शू!" सरलाताई म्हणाल्या. "बघ, किती जवळ आलंय."

खिडकीखालची सगळी फुलं उघडी होती. आणि सरलाताईंच्या चेहऱ्यासमोर, काचेवर, वाफेचा एक गोल ठिपका होता. तो आक्रसला. मोठा झाला. पुन्हा आक्रसला. हिमानीने पुढे होऊन तळहाताने काच पुसली. ठिपका पुसला गेला नाही. तो काचेच्या बाहेरच्या बाजूला होता.

सरलाताईंची छाती वरखाली होत होती. ठिपकाही त्याच तालात मोठा होत होता, लहान होत होता. खिडकीतून कडाक्याची थंडी आत येत होती, हिमानीच्या स्वतःच्या तोंडातून वाफ निघत होती. सरलाताईंच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

हिमानीने त्यांना कमरेला धरून मागे खेचलं. हात सहज सुटला नाही. पलीकडून कोणी धरून ठेवल्यासारखा एक क्षण अडला, मग सुटला. तिने खिडकी आपटून बंद केली, खटका लावला, सरलाताईंना ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि जवळजवळ उचलूनच गाडीत नेऊन बसवलं.

६

इमर्जन्सीत आकडा आला त्र्याण्णव पॉइंट एक. नर्सने गरम हवेची ब्लँकेटं घातली, कोमट सलाइन लावलं. रक्ताचे रिपोर्ट एकामागून एक येत गेले आणि सगळे नॉर्मल निघाले. संध्याकाळपर्यंत सरलाताईंच्या गालांवर रंग आला. हिमानी त्यांचा हात धरून बसली होती. तो हात हळूहळू माणसाच्या हातासारखा होत गेला.

सिद्धेश ऑफिसमधून थेट इथे आला होता. आईला सावरलेलं बघून त्याला हायसं वाटलं आणि तो त्यांची औषधं आणि कपडे आणायला घरी गेला.

"हिमानी," सरलाताई हळूच म्हणाल्या. "खिडकी तूच लावलीस ना?"

"हो, आई. लगेच लावली."

"ते आत यायच्या आधी, की नंतर?"

 हिमानीने फोन उचलला.

सिद्धेशने पाचव्या रिंगला घेतला. त्याचा आवाज मजेत होता, सुट्टीच्या दिवसासारखा. "अगं, घर काय मस्त गरम झालंय! तू हीटर किती वाढवून गेली होतीस? मी बंद केला तरी कमी होत नाहीये. आईच्या खोलीत तर काय विचारू नकोस. दोन मिनिटं बसलोय जरा."

"सिद्धेश, ऊठ."

"येतो ना. घाई काय आहे? आई बरी आहे ना आता?"

"सिद्धेश, आत्ता ऊठ आणि बाहेर पड. फोन कट करू नकोस. चालतोयस का? दाराचा आवाज ऐकू दे मला."

तो कुरकुरला, हसला, पण उठला. दार उघडल्याचा आवाज आला. मग गाडीचा. हॉस्पिटलमध्ये तो आला तेव्हा रिकाम्या हातांनी आला होता. कपडे, औषधं, सगळं विसरला होता. हिमानीने त्याचे हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ चोळले. ती कशासाठी चोळतेय, हे त्याने विचारलं नाही.

७

ते पुन्हा त्या घरी राहायला गेले नाहीत. एडिसनला सिद्धेशचा मित्र गिरीश राहत होता. त्याच्या बेसमेंटमध्ये तिघांनी मुक्काम टाकला. सरलाताई चार दिवसांत खडखडीत बऱ्या झाल्या, पोळ्या लाटू लागल्या. पण अंगणाचा विषय निघाला की दुसरंच काहीतरी काढायच्या. एकदाच म्हणाल्या, "त्याला काही वाईट करायचं नव्हतं गं. त्याला थंडी वाजत होती."

बारा एप्रिल जवळ आला आणि लक्षात आलं की त्यांचा पासपोर्ट त्याच खोलीतल्या कपाटात राहिलाय.

"मी जातो," सिद्धेश म्हणाला.

"तू नाही. मी जाते. तू दारासमोर गाडी चालू ठेवून थांब. पाच मिनिटांत नाही आले तर हॉर्न वाजव."

स्वच्छ ऊन पडलेली सकाळ होती. क्रोकसचा बहर ओसरून गेला होता. पायवाटेच्या कडांना नुसती गवतासारखी पानं राहिली होती. हिमानीने कुलूप उघडलं. हीटर तीन आठवडे बंद होता. दारातून ऊब अंगावर आली.

ती ठरवूनच आली होती. कुठे बघायचं नाही, सरळ कपाटापाशी जायचं. तिने तसंच केलं. पासपोर्ट दुसऱ्या कप्प्यात होता, लगेच सापडला. वळताना तिची नजर पलंगावर गेली. गादीवर मधोमध खोलगट झालेलं होतं, कोणी कुशीवर निजल्यासारखं. तिने हात लावला नाही. फक्त जवळ उभी राहिली. गादीवरून ऊब येत होती आणि त्या उबेत तिच्या खांद्यांचा, मानेचा, तीन आठवड्यांचा शीण उतरत होता. आतून कसलीशी उत्सुकता दाटून आली, खोकं उघडताना यावी तशी. गादी जराशी हलली. कोणी सरकून जागा करून द्यावी, एवढीच.

हॉर्न वाजत होता. बराच वेळ वाजत असावा.

ती बाहेर आली तेव्हा सिद्धेश पुन्हा पायरीवर आला होता, चेहरा पांढरा पडलेला. "किती वेळ लावलास! मी कधीपासून हॉर्न देतोय, दार ठोकतोय. दार आतून का लावलंस?"

"मी नाही लावलं," हिमानी म्हणाली. "दोन मिनिटं तर झाली."

त्याने घड्याळ दाखवलं. चाळीस मिनिटं झाली होती.

बारा तारखेला सरलाताईंचं विमान वेळेवर सुटलं. यवतमाळला बेचाळीस डिग्री सेल्सियसच्या उन्हात त्या ठणठणीत आहेत. सिद्धेशने घर विकायला काढायचं ठरवलं, एजंटशी बोलणंही झालं. त्याआधी सामान हलवायला हवं होतं. मूव्हर्स बोलवू, आपण आत जायलाच नको, असं तो म्हणाला, आणि हिमानीने मान डोलावली.

पण काही वस्तू अशा असतात की त्या परक्या माणसाला सापडत नाहीत. बेसमेंटमध्ये बसून ती फोनवर त्यांची यादी करत होती. बँकेची फाइल. तिच्या आजीचं चांदीचं फुलपात्र. हार्ड डिस्क. प्रत्येक ओळीसरशी तिला आणखी काहीतरी आठवत होतं. हे सगळं एका फेरीत व्हायचं नाही, तीन-चार तरी लागतील, सिद्धेश ऑफिसला गेला की जाता येईल. यादी वाढत चालली होती आणि तिला त्याचा आनंद होत होता.